नोकरी सांभाळून कथा लिहायची तर : एप्रिल ते दिवाळी अंक

“लिहायला वेळ कुठून काढतेस गं?” हे मला लोकलच्या डब्यात विचारतात, शाखेत विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत बसल्यावरही विचारतात. मी एका सहकारी बँकेत अधिकारी आहे. राहायला अंबरनाथ, शाखा मुंबईत. घरी नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. गेल्या १२ वर्षांत माझ्या २९ कथा छापून आल्या, बहुतेक दिवाळी अंकांत. त्याआधीची चार वर्षं मात्र एकही पूर्ण झाली नव्हती. रात्री अकराला ओटा पुसून झाला की वही घेऊन बसायचं आणि साडेअकराला त्याच वहीवर डोकं टेकायचं, असा क्रम होता. वेळच मिळत नाही म्हणून मी सगळ्यांसमोर रडायचे. नंतर लक्षात आलं, वेळ होता. थकलेल्या तासाकडून मी ताज्या तासाचं काम मागत होते, एवढंच.

मराठीत निव्वळ लिहून घर चालवणारे पूर्वीही थोडेच होते. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरीला होते, व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते, नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक होते. तेव्हा नोकरीवर राग काढू नका, आपण एकटेच कात्रीत सापडलोय असंही समजू नका. खाली सांगते आहे ती माझी पद्धत. तुमच्या घड्याळाप्रमाणे ती बदलून घ्या.

आधी आठवडा कागदावर मांडा

सात दिवस, दर अर्ध्या तासाला काय केलं ते एका वहीत लिहा. मोबाइलमध्ये नको, कारण मोबाइल हातात आला की तो अर्धा तास त्याचाच होतो. खोटं लिहू नका, ही वही कुणाला दाखवायची नाही. आठवडा संपला की प्रत्येक रिकाम्या तुकड्यापुढे तीन गोष्टींची नोंद करा: बसायला जागा होती का, कुणी हाक मारणार होतं का, आणि डोकं कितपत शाबूत होतं.

माझ्या वहीत निघालं ते असं. सकाळची लोकल अंबरनाथहूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. सव्वा तास, डोकं ताजं, घरचं कुणी हाक मारत नाही. संध्याकाळचा परतीचा सव्वा तास निम्मा उभ्याने, हातात पर्स आणि भाजीची पिशवी. रात्री पावणेदहा ते सव्वादहा घर शांत असतं, पण डोक्याचा भुगा झालेला. आणि दुसरा-चौथा शनिवार. २०१५च्या सप्टेंबरपासून हे दोन शनिवार बँकांना सुटी मिळाली, त्यातल्या सकाळच्या अडीच तासांवर मी घरात सगळ्यांना सांगून हक्क लावून ठेवला आहे.

तुमचा तक्ता वेगळा निघेल. पाळीत काम करणाऱ्याला तर दर आठवड्याला नवा तक्ता लागतो. माझा एक मावसभाऊ एमआयडीसीत आहे. तो दिवसपाळीच्या आठवड्यात नुसतं वाचतो आणि रात्रपाळीहून आल्यावर झोपण्याआधी पाऊण तास लिहितो. घरून काम करणाऱ्यांची पंचाईत आणखी निराळी: प्रवास नाही, म्हणून मधली फटच नाही. त्यांनी ऑफिसचा लॅपटॉप मिटून निदान खुर्ची तरी बदलावी.

तीन कामं, तीन वेळा

‘लिहिणं’ हे एक काम नाही. सुचणं-टिपणं हे एक, पहिला खर्डा हे दुसरं आणि दुरुस्ती हे तिसरं. तिघांना लागणारं डोकं वेगळं असतं.

टिपायला डोकं नाही, कान लागतात. ते गर्दीत उभ्याउभ्याही जमतं. खर्ड्याला ताजा आणि सलग वेळ हवा, पण फार नको. चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. दुरुस्तीचे पुन्हा दोन भाग आहेत. शुद्धलेखन, टायपिंग, नावांचा मेळ ही कारकुनी कामं दमलेल्या रात्रीही होतात. रात्री मी तीच करते आणि दिवसाला काहीतरी झाल्याचं समाधान घेऊन झोपते. कथेचा सांगाडा हलवायचा तर शनिवार सकाळच पाहिजे.

हिशेबही साधा आहे. लोकलमध्ये रोज दोनशे शब्द, पाच दिवसांचे हजार. दिवाळी अंकातली कथा साधारण अडीच ते चार हजार शब्दांची असते, म्हणजे खर्डा तीन-चार आठवड्यांत हातात येतो. मग दोन आठवडे त्याच्याकडे बघायचंच नाही. मग दुरुस्तीला तीन शनिवार. अशी एक कथा तीनेक महिन्यांत होते. वर्षाला तीन कथा हा नोकरदार माणसाचा प्रामाणिक वेग आहे. महिन्याला एक लिहिणारे आहेत, त्यांना माझा नमस्कार.

सस्पेन्स खातं

बँकेत एखादी रक्कम आली आणि ती कुठल्या खात्यात टाकायची ते कळलं नाही, की तिला तात्पुरतं सस्पेन्स खात्यात ठेवतात. माझ्या टिपणवहीचं नाव तेच आहे. ऐकलेलं वाक्य, एखादी लकब, वास, भांडणातला शब्द, जे आलं ते त्यात. त्याचं काय करायचं हे तेव्हाच ठरवायचं नाही. लिहिताना एक शिस्त पाळा: विचार लिहू नका, वस्तू आणि वाक्यं लिहा. ‘आयुष्य किती क्षणभंगुर’ असं टिपून ठेवलंत तर सहा महिन्यांनी त्याचा काही उपयोग नसतो. ‘डोंबिवलीला चढणाऱ्या बाईच्या डब्याला रबर दोन, एक लाल एक पांढरं’ याचा होतो.

बायकांचा डबा म्हणजे या खात्याची मोठी शाखा. मेथी निवडणाऱ्या, क्लिपा विकणाऱ्या, भजनं म्हणणाऱ्या, आणि ‘तुम्ही कुठे उतरणार?’ एवढ्या एका प्रश्नावर संबंध जोडणाऱ्या. फोनवर मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आहे, पण डब्यात ती वापरू नका. मी एकदा हळूच पुटपुटले, “तिने नवऱ्याला सोडायचं ठरवलं,” आणि समोरच्या काकूंनी घाटकोपर येईपर्यंत माझी समजूत काढली.

टिपताना आणखी एक सांभाळा. ग्राहक, रुग्ण, विद्यार्थी, अशील यांची माहिती तुमच्याकडे नोकरीमुळे येते. ती जशीच्या तशी कथेत घालणं गैर आहे आणि अंगाशीही येतं. नाव बदलून भागत नाही. व्यवसाय, वय, गाव, नात्यांची रचना यांतल्या किमान तीन गोष्टी मी बदलते. माझ्या चौथ्या कथेत एका सहकारी बाईंची साडीची पिन लावण्याची पद्धत उतरली होती, बाकी सगळं काल्पनिक. त्या तीन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आणि चूक माझीच होती.

खर्डा

सकाळी गाडीत बसल्यावर ‘आज काय लिहू’ हा विचार करायची वेळ आली, तर कल्याण येईपर्यंत काही होत नाही. म्हणून उद्याची सुरुवात आजच ठेवायची. थांबताना मी प्रसंग पुरा करत नाही. पुढचं वाक्य माहीत असताना, ते अर्धं लिहून फोन बंद करते. रात्री दुधाला विरजण लावून झोपावं तसं. सकाळी ते अर्धं वाक्य पुरं करायला बोटं आपोआप चालतात.

खर्ड्यात मागे वळून वाचायचं नाही. शब्द अडला तर तिथे तीन फुल्या टाकून पुढे जा. कोकणातल्या घराच्या त्या भागाला काय म्हणतात ते आठवत नसेल तर फुल्या टाका. ते शोधायला गेलात की इंटरनेट आणि तुम्ही, गाडी दादरला. शेवट माहीत नसला तरी चालेल, पण कथा कुणाची आहे आणि त्या माणसाला काय हवंय एवढं पहिल्या आठवड्यात ठरलेलं असावं. माझ्या सात-आठ अर्धवट कथा अशाच पडून आहेत, कारण त्यांतल्या कुणालाच काही नको होतं. सगळे नुसते खिडकीतून पाऊस बघत होते.

दुरुस्ती : इथे थांबा

खरी कथा मला दुरुस्तीत सापडते, म्हणून इथे जरा सविस्तर. एका कथेच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं:

‘आजी फार एकट्या होत्या. त्यांना बोलायला कुणीच नव्हतं. म्हणून त्या दर शुक्रवारी काही काम नसतानाही बँकेत येत असत. सुमनला त्यांची खूप दया यायची.’

चार वाक्यं आणि चारही निकाल. वाचणाऱ्याला करायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. दोन शनिवार त्यावर बसल्यावर झालं ते हे:

‘आजींनी पासबुक पुढे सरकवलं. सुमनने ते मशीनमध्ये घातलं. मशीन घरघरलं आणि एकही ओळ न छापता पासबुक बाहेर आलं.
“काही व्यवहार नाही आजी, मागच्या शुक्रवारनंतर.”
“मागच्याला पण नव्हता. तू घाल परत. त्याला जरा वेळ लागतो.”
सुमनने मागच्या रांगेकडे पाहिलं आणि पासबुक परत घातलं.’

‘एकट्या’ गेलं, ‘दया’ गेली. दया आता पासबुक परत घालण्यात आहे. रांगेकडे पाहणं मी सगळ्यात शेवटी घातलं, कारण त्याशिवाय सुमनला त्या कृतीची काही किंमत मोजावी लागत नव्हती. दुरुस्तीला बसलात की प्रत्येक पानावर ‘फार’, ‘खूप’, ‘अतिशय’ आणि भावनांची नावं यांखाली पेन्सिलीने रेघ मारा. सगळी काढायची नसतात. पण प्रत्येक रेघेपाशी विचारा, हे मी दाखवलंय की जाहीर केलंय?

मग कथा मोठ्याने वाचा. आमच्याकडे हे काम गच्चीवर होतं. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य लांबलेलं असतं, आणि जिथे आपणच घाईघाईने वाचतो तो भाग बहुधा कापायचा असतो. संवाद वाचताना कान द्या: मालवणचा म्हातारा आणि बँकेचा मॅनेजर एकाच मराठीत बोलतायत का? बोलीतले संवाद लिहायचे तर ती बोली येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. मी एकदा वऱ्हाडी संवाद अंदाजाने ठोकले होते. अमरावतीच्या मैत्रिणीने वाचून एवढंच विचारलं, “हे लोक कुठले आहेत?”

वाचायला द्यायचं ते दोनच माणसांना: एक वाचणारा आणि एक लिहिणारा. घरच्यांना छापल्यावर द्या. नवऱ्याचं ‘छान आहे’ आणि सासूबाईंचं ‘हे कुणावर लिहिलंयस?’ या दोन्हींचा दुरुस्तीला उपयोग नाही.

टायपिंग आणि शुद्धलेखन

कथा युनिकोडमध्येच टाइप करा आणि वर्डची फाइल पाठवा. हस्तलिखिताचे फोटो बहुतेक संपादक आता घेत नाहीत, आणि जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती चित्रलिपी दिसते. फोनवर लिहिलेलं गुगल डॉक्समध्ये ठेवलं तर रात्री संगणकावर तेच पुढे नेता येतं. संगणकावर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड, शिका, रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. मराठीतला खास ‘ऱ्य’ त्यात शिफ्ट दाबून ‘र’च्या कळीवर मिळणाऱ्या ‘ऱ’ने होतो: ऱ, मग हलन्त, मग य. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालेली कथा संपादक पहिल्याच पानावर नाराज होऊन वाचतो.

शुद्धलेखनाचे नियम १९६२मध्ये १४ झाले आणि १९७२मध्ये आणखी चार आले. एकूण १८. सगळे मिळून दोन-चार पानांचा मजकूर आहे, एका रविवारी वाचून होतो. नियमांइतकीच महत्त्वाची एकवाक्यता. निवेदनात ‘केलं, गेलं’ वापरायचं की ‘केले, गेले’ हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. कथा मध्येच ‘केले’वर गेली की निवेदक बदलल्यासारखा वाटतो.

पाठवणं

दिवाळी अंकाची प्रथा १९०९ची. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने तेव्हा पहिला दिवाळी अंक काढला. आज अंक शेकड्यांनी निघतात, पण दिवाळीला कथा सुचून उपयोग नाही. अंकाचं साहित्य उन्हाळ्यापासून गोळा होऊ लागतं आणि श्रावणापर्यंत बऱ्याच ठिकाणी पानं भरलेली असतात. मी एप्रिलमध्ये खर्डा सुरू करते, जूनअखेरपर्यंत दुरुस्ती, जुलैच्या पहिल्या आठवड्यात रवाना.

कुठे पाठवायचं ते ठरवायला मागच्या वर्षीचे पाच-सहा अंक वाचनालयातून आणा. जाहिराती नाही, कथा वाचा. विनोदी अंकाला शोकांतिका पाठवणारे दरवर्षी असतात, मीही एकदा पाठवली आहे. पत्र चार ओळींचं पुरतं:

‘स.न.वि.वि. आपल्या दिवाळी अंकासाठी ‘नोंद’ ही कथा (अंदाजे ३२०० शब्द) सोबत पाठवत आहे. कथा अप्रकाशित असून सध्या अन्य कुठेही पाठवलेली नाही. आपल्या अंकात प्रथम प्रसिद्धीसाठी तिचा विचार व्हावा. निर्णय शक्यतो ऑगस्टअखेर कळवावा, ही विनंती.’

खाली नाव, पत्ता, फोन. कथा कशावर आहे, ती लिहिताना काय वाटलं, हे त्यात नको. एकच कथा एका वेळी दोन अंकांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात.

आणि जावक रजिस्टर ठेवा. कथेचं नाव, कुठे पाठवली, तारीख, उत्तर, मानधन, अंकाची प्रत आली का, असे सहा रकाने. उत्तर न येणं ही इथली रीत आहे. ऑगस्ट संपल्यावर एकदा नम्रपणे विचारायचं, तरी शांतता असेल तर ‘कथा मागे घेत आहे’ असं कळवून पुढच्या वर्षी दुसरीकडे. एका अंकाने माझी कथा छापली, ना प्रत पाठवली ना मानधन, आणि ती छापल्याचं मला ठाण्याच्या एका वाचनालयात कळलं. रजिस्टरमध्ये त्या अंकापुढे लाल शाईने फुली आहे.

नियम, हक्क, पैसे

सरकारी नोकरांना एक धास्ती असते, लिहिलं तर परवानगी लागेल का? केंद्राच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलाविषयक कामाला सूट आहे, अट इतकीच की मूळ कामाला झळ पोचता कामा नये. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत, ते आस्थापना शाखेतून मागून वाचा. कथा वेगळी आणि सरकारी धोरणावरचा लेख वेगळा, हा फरक विसरू नका. खासगी नोकरीत नेमणूकपत्र काढून बघा. बाहेरच्या कामाबद्दल आणि तुम्ही तयार केलेल्या मजकुराच्या मालकीबद्दल त्यात कलम असू शकतं. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल आणि ऑफिसचा वेळ कथेला लावू नका, म्हणजे पुढचे निम्मे वाद उद्भवत नाहीत.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कथा लिहिली की हक्क तुमचाच. नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून पुस्तकाच्या करारावर सही करण्याआधी मुदत, आवृत्ती, ई-बुक, ऑडिओ आणि भाषांतर हे शब्द शोधा.

मानधन बहुधा इतकं असतं की त्यात अंकांची खरेदी निघते. तरी आयकराच्या विवरणपत्रात ते दाखवा. आम्हा बँकवाल्यांना तर पर्यायच नाही. पुरेशा कथा जमल्या आणि पहिलं पुस्तक काढायचं असेल, तर स्वतःचे पैसे घालण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती काढा, ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्यापासून चार हात दूर राहा.

मार्च

वर्षातून काही आठवडे लिहिणं होणारच नाही, हे आधीच मान्य करा. माझा तो महिना मार्च. वसुली, तपासणी, ताळेबंद, आणि १ एप्रिलला ग्राहकांना शाखा बंद असली तरी आम्ही आतच. शिक्षकांचा पेपर तपासणीचा, शेतीशी जोडलेल्यांचा पेरणीचा. त्या दिवसांत मी फक्त सस्पेन्स खातं चालू ठेवते, दिवसाला एक ओळ. लोकलमध्ये सरळ झोपते.

परत सुरू करताना मात्र नव्या पानावर जायचं नाही. अर्धवट कथेचं शेवटचं लिहिलेलं पान घ्यायचं आणि ते शब्दाला शब्द पुन्हा उतरवून काढायचं, वहीत, पेनाने. पहिला परिच्छेद कंटाळवाणा जातो. दुसऱ्यात एखादा शब्द खटकतो आणि हात तो बदलून लिहितो. या वर्षी तो शब्द ‘हळूच’ होता, मुंब्र्याच्या बोगद्याच्या आसपास. ठाणं येईपर्यंत मी जुन्या पानाच्या खाली उतरले होते.